नवी शेवटी बसते

पिपाणी रविवारी सकाळी दुसरा अल्बम घेऊन घरी आली आणि तिनं चपला काढायच्या आत मामांनी विचारलं, "मग, आमचे आवाज कधी घेतेस?"

मामांच्या हातात पॉलिशचं फडकं तसंच होतं. रविवारी कारखाना बंद असतो ही गोष्ट मामांना आजवर कोणी पटवू शकलेलं नव्हतं.

"आत तर येऊ दे तिला," सासूबाई आपल्या भावावर खेकसल्या, आणि लेकीच्या गालावरून हात फिरवता फिरवता म्हणाल्या, "चार दिवस झाले, गार पाण्याला शिवले नाही मी. घसा बघ कसा मोकळा झालाय."

नवी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चार दिवस गार पाणी तीही प्यायली नव्हती, फक्त ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

नवी म्हणजे थोरल्याची बायको. लग्नाला पाच वर्षं होत आली होती, पण तिच्यानंतर या घरात नवं माणूसच आलं नाही, म्हणून ती नवीच राहिली. सासरे तिला नवी म्हणायचे, मामा म्हणायचे, गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर "नवीताई आहेत का" असं विचारायची. एकटी पिपाणी तेवढी तिला वहिनी म्हणायची. पिपाणीचंही काही ते खरं नाव नव्हतं. पाळण्यात असताना तिनं जो सूर लावला होता त्यावरून मामांनी ते ठेवलं, आणि पुढं तिची छायाचित्रं भिंतींवर लागली, अनोळखी लोक तिची गाणी तोंडपाठ म्हणू लागले, तरी घरात ती पिपाणीच होती.

तिचा पहिला अल्बम झाला तो याच घराच्या मागच्या कारखान्यात. खुर्च्यांच्या कारखान्यात दुसरं असणार काय, भुसा, सरसाचा वास आणि माणसं. मामा पॉलिश मारताना ज्या जुन्या चाली गुणगुणायचे त्या पिपाणीनं उचलल्या, त्यांना गिटार जोडली, स्वतःचे शब्द घातले आणि कोरसला अख्खं घर उभं केलं. 'सरका थोडं' हे गाणं तर जिकडेतिकडे झालं. तिघांच्या बाकावर सहा जण बसायला येतात, एवढीच त्यातली गोष्ट. सासूबाईंची त्यात वरच्या सुरातली एक ओळ होती, मामांचा खाकरण्यासकट एक आलाप होता, थोरल्याचा हातोडा होता. आणि बाबा, म्हणजे सासरे, प्रत्येक वेळी अर्धा ठेका उशिरा "सरका" म्हणायचे. रेकॉर्डिंगवाल्यानं ते सात वेळा पुन्हा घेतलं, सातही वेळा बाबा उशिराच आले. शेवटी तसंच ठेवलं. पुढं लोकांना सगळ्यात जास्त तेच आवडलं.

नवी त्या रेकॉर्डिंगनंतर वीस दिवसांनी लग्न होऊन घरात आली. वीस दिवसांनी हुकलं. यात कोणाचाच दोष नव्हता, आणि कोणाचाच दोष नसला की माणसाला रागावताही येत नाही. घरात चार पाहुणे जमले की कोणीतरी ते गाणं लावायचं, मग सगळे आपापल्या ओळीला उभे राहायचे, आणि नवी रिकामे कप गोळा करत राहायची. तिला सगळ्यांच्या ओळी येत होत्या. तिची अशी एक नव्हती. एकदा पिपाणीनं तिला कप गोळा करताना पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, दुसऱ्या अल्बमला पहिला आवाज तुझा घेईन. शब्द देते." पिपाणी ते विसरलीही असेल. नवी विसरली नव्हती. तिचा आवाज जरा जाड होता, खालचा. घरात खालच्या सुरात कोणीच गात नव्हतं, म्हणजे तिथं तिला कोणाच्या पायावर पाय न देता उभं राहता आलं असतं. कपडे वाळत घालताना, कोणी नसताना, ती तो सूर धरून ठेवायला शिकली होती.

पिपाणीनं खांद्यावरून दोन पिशव्या उतरवल्या. एकीत लॅपटॉप आणि स्पीकर. दुसरी लांबट, काळी. थोरल्यानं ती ओळखली.

"माइक आणलाय!" तो नवीकडे बघून हसला. "आणलाय बघ."

नवीनं ट्रे खाली ठेवला.

"अल्बम झालाय," पिपाणी म्हणाली. ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं दिसत होतं, आणि कप तिनं दोन्ही हातांनी धरला होता. "आठ गाणी आहेत. आज पाच वाजेपर्यंत शेवटची फाइल पाठवायची आहे. कंपनीतला माणूस म्हणतोय कोरस घाला, घरच्यांचा. लोक विचारतील म्हणे, घरचे कुठे गेले."

"शहाणा माणूस आहे," मामा म्हणाले.

"म्हणून माइक आणलाय. पण आधी सगळ्यांनी बसून बघा. नेहमीसारखं."

यावर सगळेच जरा ताठ झाले, कारण ही काही साधी गोष्ट नव्हती.

या घरातून खुर्ची बाहेर जायची तर तिच्यावर आधी घरातल्या प्रत्येकानं बसायचं, ही रीत पिपाणीच्या आजोबांनी घातलेली. सगळ्यात जुन्यानं पहिलं बसायचं, सगळ्यात नव्यानं शेवटी. चांगली आहे असं कोणी म्हणायचं नाही, काय खुपतंय तेवढंच सांगायचं. ज्यानं खुर्ची केली त्यानं सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि शेवटी बसणाऱ्याचा शब्द चालायचा. आजोबांचं म्हणणं असं, की जुन्यांच्या बुडांना आपल्या घरचं सगळंच मऊ लागतं, त्यांना विचारून काय उपयोग. पुढं पुढं घर बदलणं, रंग ठरवणं, थोरल्यासाठी मुलगी बघणं, सगळ्याला ही रीत लागू झाली. पहिल्या अल्बमलाही लागली होती. तेव्हा शेवटी पिपाणीची एक मैत्रीण बसली होती, कारण घरात नवं कोणी नव्हतं.

नवी पहिल्यांदा बसली ती लग्नानंतरच्या आठवड्यात. बसताक्षणी तिला कळलं होतं, की मागचा डावा पाय आखूड आहे. पण नवं घर, समोर पाच माणसं टक लावून बघतायत, ती गप्प उठली. खुर्ची गेली. महिन्याभरात परत आली, गिऱ्हाइकाच्या चार शब्दांसकट. बाबांनी तिला कारखान्यात एकटीला बोलावलं. तिला वाटलं, आता बोलणी बसणार.

"तुला कळलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग खोटं कशाला बसलीस?" एवढंच म्हणाले आणि तोच पाय तिच्या हातात दिला. तो अजून तिच्या कपाटात होता.

चहा झाल्यावर सगळे कारखान्यात आले. थोरल्यानं यंत्रांवर चादरी टाकल्या, खुर्च्या मांडल्या. भिंतीकडचा तो जुना, गाण्यातला बाक सासूबाईंनी घेतला आणि मधोमध बसल्या. मामा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. थोरला आणि नवी मागे. पिपाणी खाली भुशातच मांडी घालून बसली, लॅपटॉप पुढ्यात घेऊन, सगळ्यांकडे पाठ करून.

"मी आता बोलणार नाही," ती म्हणाली आणि पहिलं गाणं लावलं.

गिटार होती, पण एका वेळी एकच तार वाजत होती. चाल मामांची जुनीच. मामांनी ती लगेच ओळखली आणि बहिणीच्या दंडाला कोपर मारलं. पिपाणीचा आवाज अगदी जवळून आला, कोणी कानाशी बोलावं तसा. पहिलं गाणं संपता संपता एका जागी सगळं थांबलं. तार नाही, आवाज नाही. बराच वेळ काही नाही. मग शेवटची ओळ आली आणि गाणं संपलं.

"कोरसला जागा सोडलीय," मामा कुजबुजले.

"श्श," सासूबाई म्हणाल्या. पण मान त्यांनीही डोलावली.

दुसऱ्या गाण्यातही तेच. सगळं चालू असताना शेवटच्या ओळीआधी मोठा थांबा. या वेळी मामांना राहवलं नाही, त्यांनी त्या मोकळ्या जागेत हलकासा आलाप सोडला. पिपाणीनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं थांबवलंही नाही.

तिसरं गाणं सगळ्यात साधं होतं.

*दार लोटून घेतलं,*
*कडी नाही घातली.*
*येणार कोणी नाही,*
*तरी नाही घातली.*

आणि थांबा. "नाही घातली, नाही घातली," सासूबाईंनी वरच्या सुरात धरलं, मामा त्यांच्या मागोमाग, थोरल्यानं खुर्चीच्या हातावर ठेका दिला. घरातली ही माणसं अशी होती, की यांच्यात कोणी क्षणभर गप्प बसलं तर दुसऱ्याला वाटावं याला ताप आलाय. मोकळी जागा दिसली की भरायची, खोलीत असो की बोलण्यात.

चौथ्या गाण्याला थोरल्यानं नवीच्या हातावर हात ठेवला आणि भुवयांनी खूण केली. चल की. थांबा आला. सासूबाईंचा सूर वर गेला, मामांचा मधे, आणि नवीनं डोळे मिटून खालचा सूर लावला. तो लागला. अगदी बरोबर त्या दोघांच्या खाली जाऊन बसला, आणि सगळ्यांचा मिळून एक आवाज झाला.

"अरे वा, नवी!" मामा वळून म्हणाले. "ही कुठं होती इतकी वर्षं?"

सासूबाईंनीही मागे पाहिलं. नवीला इतकं बरं वाटलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. पाच वर्षांत पहिल्यांदा ती कप गोळा करत नव्हती.

पाचव्या गाण्याला चूक व्हायला नको म्हणून ती तयार राहिली. सगळ्यांबरोबर सुरू करायचं, शेवटच्या ओळीआधी सोडायचं, म्हणजे थांबा किती लांब आहे ते कळायला हवं. मागच्या खेपेला तिचा सूर जरा जास्तच रेंगाळला होता. म्हणून या वेळी तिनं न गाता मनातल्या मनात मोजलं. एक, दोन, तीन. सासूबाई आणि मामा रंगात आले होते. सात, आठ. थोरला ठेका देत होता. दहा. अकरा. आणि पिपाणीची ओळ आली.

नवी मोजत होती तो थांबा तिच्या ओळखीचा होता. गाण्यामुळे नव्हे. बाबांच्या आजारपणात आठ महिने ती रोज असंच अकरापर्यंत मोजायची.

बाबांना झटका आला तेव्हा हातपाय वाचले, पण बोलणं मागे पडलं. शब्द हरवले नव्हते, यायला वेळ लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, विचारल्यावर थांबा, त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. ते ऐकून सगळ्यांनी माना हलवल्या आणि घरी येऊन सगळे शब्द घालू लागले. प्रेमानंच. "चहा घेता?" असं मामा विचारायचे आणि "नको त्यांना, आत्ताच झालाय," असं सासूबाई सांगायच्या. "बरं वाटतंय ना बाबा? वाटतंय, वाटतंय," असं थोरला स्वतःच म्हणून टाकायचा. बाबांचे ओठ नुकते हलू लागलेले असायचे, तोवर उत्तर होऊन गेलेलं असायचं. पुढं पुढं ते ओठही हलवीनासे झाले.

फक्त संध्याकाळी सातला, सगळे पुढच्या दुकानात गिऱ्हाइकांत अडकलेले असताना, पिपाणीचा फोन यायचा. ती तेव्हा पहिल्या अल्बमच्या कार्यक्रमांसाठी गावोगाव हिंडत होती. नवी फोन बाबांच्या उशाशी धरायची. पिपाणी एकच विचारायची, "बाबा, जेवलात?" आणि थांबायची. तिकडून काही नाही, इकडून काही नाही. नवीला पहिल्या दिवशी ते सहन होईना, तोंडावर आलेला शब्द गिळायला म्हणून ती आकडे मोजायला लागली. कधी नऊ, कधी अकरा, वाईट दिवशी पंधरा. आणि मग बाबा बोलायचे.

गेल्या वर्षी, बाबांच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, पिपाणी विचारायची आणि थांबायची, आणि ते बोलायचे नाहीत. तरी ती फोन ठेवायची नाही. नवीनं तीसपर्यंत, चाळीसपर्यंत मोजलेलं होतं.

म्हणजे ही जागा कोरसला सोडलेली नव्हती.

सहावं, सातवं, आठवं गाणं नवीनं ऐकलं ते हात मांडीखाली दाबून. थोरल्यानं दोनदा वळून पाहिलं, गात का नाहीस म्हणून. तिची नजर पिपाणीच्या पाठीवर होती. प्रत्येक थांब्याला घरच्यांचा सूर उठायचा आणि पिपाणीचे खांदे जरासे वर जायचे, मग खाली यायचे. तिनं भुशात बोटानं रेघा ओढल्या होत्या, आणि त्या ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

आठवं गाणं संपलं. पिपाणी वळून बसली. रिवाजाप्रमाणे ती गप्पच होती.

"खुपतंय ते सांगायचं," सासूबाईंनी सुरुवात केली, मान त्यांचा होता. "फार एकटं वाटतं गं ऐकताना. भरून काढायला पाहिजे. तिसऱ्यात वरची ओळ मी घेईन, मला आत्ताच सापडली."

"मला काही खुपलं नाही," मामा म्हणाले, "फक्त आम्ही त्यात नाही हे खुपलं. जागा तर छान ठेवल्यास. आता भरून टाकू."

"माझंही तेच," थोरला म्हणाला. तो उठून त्या काळ्या पिशवीपर्यंत पोचलाही होता. "दोन तासांत होईल सगळं. आणि नवीचा खालचा सूर ऐकलात ना? तो पाहिजेच. सांग गं, आणि उभे राहू सगळे."

नवी उठली नाही. पिपाणी तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत मागणं नव्हतं, इशाराही नव्हता. खुर्ची करणारा नुसता बघतो, तशी ती बघत होती. तिलाही कोरस हवा असेल तर? कंपनीचा माणूस, एवढा लांबचा प्रवास, माइक. गेलं वर्षभर ती एका खोलीत एकटी बसून हे करत आली होती, आता तिला वाटत असेल, असू देत सगळे, भरू देत. फक्त "काही खुपलं नाही" एवढं म्हणायचं होतं. मग माइक उभा राहिला असता आणि नवी त्याच्यासमोर. पुढच्या वेळी पाहुणे आले असते, गाणं लागलं असतं, आणि तीही आपल्या ओळीला उभी राहिली असती. तिनं एकदा तो सूर मनात लावून पाहिला. अजून जागच्या जागी होता.

"कोरस नको," ती म्हणाली.

कोणालाच आधी कळलं नाही.

"म्हणजे?" थोरला पिशवीची चेन धरून तसाच उभा.

"आहे तसंच जाऊ द्या. त्या जागा मोकळ्याच हव्यात."

"अगं, आत्ता तूच गात होतीस की!"

"गायले. चुकलं माझं."

मामा हसले, मग कोणी हसत नाही असं बघून थांबले. "नवी, लोक ऐकणार ते, आठ-आठ सेकंद काही नाही म्हटल्यावर त्यांना वाटेल फोन बिघडला."

"वाटू दे, मामा."

"पण कारण काय?" थोरल्याचा आवाज चढला. "पाच वर्षं तू यासाठी थांबलीस. मला माहीत नाही का? वाळत घालताना गातेस ते ऐकू येतं मला. आणि आज समोर आलंय तर..."

तिला वाटत होतं, त्याला माहीत नाही. हे असं, सगळ्यांसमोर, अशा वेळी कळायला नको होतं. तिनं कारण सांगायला तोंड उघडलं. पण कारण सांगायचं म्हणजे सासूबाईंच्या तोंडावर सांगायचं, की तुम्ही त्यांना आठ महिने बोलू दिलं नाहीत. तिनं ओठ मिटले.

"मला तसं वाटलं. मी शेवटी बसले, मला वाटलं ते सांगितलं."

सासूबाई बाकावरून उठल्या. त्या रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरायचा.

"माझी मुलगी आहे ती. तिच्या गाण्यात मी नको, हे तू ठरवणार? ज्या दिवशी पहिलं झालं त्या दिवशी तू या घरात नव्हतीस, म्हणून तुला वाटतं आता कोणीच नको. शेवटी बाहेरची ती बाहेरचीच."

"आई!" पिपाणी म्हणाली. तिचा तो पहिला शब्द होता.

"तू बोलू नकोस, सगळ्यांचं अजून व्हायचंय."

"झालंय. वहिनी बोलली, म्हणजे झालं." पिपाणी उठली आणि अंगावरचा भुसा झटकला. "आजोबांचा नियम आहे. मी मोडणार नाही."

तिनं काळी पिशवी थोरल्याच्या हातातून घेतली. तिची चेन अर्धी उघडली होती, ती तिनं बंद केली. मामा फडकं उचलून पॉलिशच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. थोरला कोणाकडे न बघता पुढच्या दुकानात निघून गेला. कारखान्यात एवढी माणसं होती, पाच मिनिटांत एकही राहिलं नाही.

जेवणं झाली ती अशी, की नुसत्या चमच्यांचा आवाज. या घरात तो आवाज आजवर कोणी ऐकलाच नव्हता.

तीन वाजता नवी पिपाणीला सोडायला बसथांब्यापर्यंत गेली. दोघी चालत होत्या, मधे ती काळी पिशवी. बोलायला म्हणून नवी म्हणाली, "कंपनीवाला ओरडेल तुला."

"ओरडेल." पिशवीची आपली बाजू जरा वर उचलत पिपाणी म्हणाली, "मला वाटलं होतं, घालूनच टाकावा कोरस. खरंच. वर्षभर ती जागा ऐकून ऐकून मला भीती वाटायला लागली होती वहिनी. वाटलं, ही सगळी आत शिरली की बरं वाटेल."

"वाटलं का बरं? सगळे गायले तेव्हा?"

"नाही." तिनं मान हलवली. "तू मोजलंस ना?"

"अकरा."

"मीही अकराच धरले होते." बस वळणावर दिसली. "तुला शब्द दिला होता मी. पहिला आवाज तुझा म्हणून."

नवीला वाटलं होतं, ही विसरली असेल. विसरली असती तर सोपं गेलं असतं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "पुढच्याला बघू."

"पुढचा होईल का, कोण जाणे." पिपाणी बसमध्ये चढली. तिनं खिडकीतून हात केला नाही, तिला ते कधीच जमत नसे. मान खाली घालून ती फोनवर काहीतरी करत होती. नवी घराशी पोचली तेव्हा निरोप आला होता. एकच शब्द. पाठवलं.

घर शांत होतं. थोरला दुकानातच होता, रविवारी, शटर अर्धं ओढून. नवीनं दुपारची भांडी काढली, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाखाली चौथ्या गाण्यातला आपला खालचा सूर एकदा, फक्त एकदा, पूर्ण गाऊन घेतला. मग नळ बंद केला. आता त्याचं काही करायचं राहिलं नव्हतं. तिला मोठ्यांदा रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही.

साडेचारला चहा घेऊन ती मागे गेली. कारखान्यात गाणं चालू होतं. सासूबाई बाकावर एकट्या बसल्या होत्या, फोन मांडीवर. पिपाणीनं जाताना आईच्या फोनवर आठही गाणी घालून दिली होती. तिसरं लागलं होतं.

*येणार कोणी नाही,*
*तरी नाही घातली.*

थांबा आला. सासूबाईंनी सवयीनं तोंड उघडलं, श्वास घेतला. आणि सूर लावलाच नाही. तशाच उघड्या तोंडानं त्या बसून राहिल्या. मग शेवटची ओळ आली आणि गाणं संपलं.

नवी कप घेऊन दारातच उभी होती. आत जावं की परत फिरावं, तिला कळेना.

"सकाळी माझा आवाज वर होता, ऐकूच आलं नाही मला काही," सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "आता एकटीनं ऐकलं." त्यांनी फोन उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. "इतका वेळ लागायचा ह्यांना?"

नवीनं कप खाली ठेवला.

"हो. कधी याहून जास्त."

"आणि मग बोलायचे?"

"बोलायचे, आई."

"काय बोलायचे?"

"पिपाणी विचारायची, जेवलात का. ते म्हणायचे, जेवलो. रोज एवढंच." नवी थांबली. पुढचं सांगावं का, हे तिला ठरवता येईना. पण विचारलेलं होतं. "फोन ठेवला, की मला विचारायचे, ती कुठंय."

"कोण? पिपाणी?"

"तुम्ही. मी सांगायचे, दुकानात आहेत, येतीलच."

"यायचे की मी," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "रोज यायचे. साडेसातच्या आत. कधी चुकवलं नाही." त्यांनी फोनवरून पदर फिरवला. "यायचे, आणि दारातूनच सुरू व्हायचे. आज अमका आला, तमक्यानं असं म्हटलं. ह्यांचंही मीच बोलायचे. मला वाटायचं, ह्यांना बोलायचंच नसतं आता."

नाही हो आई, तसं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. दुसऱ्या कोणीही म्हटलं असतं. नवी उभी राहिली आणि त्यांचं बोलणं पूर्ण व्हायची वाट बघत राहिली. पॉलिशच्या खोलीतून मामांच्या फडक्याची घासघास येत होती. आज त्यांच्या तोंडी कुठलीच चाल नव्हती.

बऱ्याच वेळानं सासूबाईंनी डोळे पुसले आणि फोनवर तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"उभी काय राहिलीस," त्या म्हणाल्या, आणि बाकाच्या मधोमध बसल्या होत्या त्या थोड्या सरकल्या.

नवी बसली. चहा तसाच राहिला. गाणं त्या थांब्यापाशी आलं तेव्हा तिनं नेहमीप्रमाणे मोजायला सुरुवात केली, आणि सहापर्यंत आल्यावर तिनं बाजूला पाहिलं. सासूबाईंचे ओठ मिटलेले होते, पण मांडीवरच्या हाताची बोटं एकेक करून दुमडत होती.

सात. आठ. दोघी अकराची वाट बघत बसल्या.